मालधक्क्यावरील वाघिणी

परभाषेतून आलेल्या शब्दाला मराठी माणूस फार दिवस ओसरीवर बसवून ठेवीत नाही. थोडी ओळख झाली की त्याला घरात घेतो आणि घरातलेच नाव देऊन टाकतो. ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले, ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला आणि मालगाडीच्या ‘वॅगन’ची चक्क ‘वाघीण’ झाली. वर्तमानपत्रात ‘मालगाडीच्या सात वाघिणी रुळांवरून घसरल्या’ अशी बातमी आली की शाळेतील लहान मुले आजही डोळे विस्फारतात. त्यांना अर्थ समजावून सांगताना शिक्षकालाही क्षणभर वाटते, की हे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याला केवळ ध्वनीचे साम्य दिसले नसावे. मालाने भरलेला तो अवजड, काळसर डबा अंधारात आवाज न करता आपल्या अंगावर येताना ज्याने पाहिला असेल, त्याला वाघीणच आठवली असेल.

या वाघिणींना आवरणारी जी विद्या होती, तिच्याविषयी या वेळी लिहावयाचे आहे. तिचे नाव शंटिंग. डबे सोडणे, जोडणे, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणे आणि शेवटी हव्या त्या क्रमाने गाडी उभी करणे, एवढाच तिचा अर्थ. हे काम ज्या आवारात चाले ते यार्ड, आणि माल जेथे चढे-उतरे तो मालधक्का.

आमच्या येळ्ळूर गावाला रेल्वेचे स्थानक नाही. जवळचे स्थानक देसूर. परंतु बेळगावात जाणारा येळ्ळूरकर रेल्वेची भूगोलविद्या नकळत शिकतोच. टिळकवाडीकडे पत्ता सांगताना ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’, ‘तिसरे गेट’ असे म्हणावे लागते. शहरातील एका रस्त्याचे तर नावच ‘गुड्सशेड रोड’ आहे. त्या नावाने घर शोधणाऱ्या तरुणाला गुड्सशेड म्हणजे काय हे विचारावे, तर तो गोंधळतो. वस्तू नाहीशी होते आणि नाव मागे राहते. भाषेच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही.

हा लोहमार्ग आमच्या भागात आला तो दुष्काळाच्या पाठीवरून. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळात दख्खन आणि कर्नाटकात माणसे अन्नावाचून मेली, आणि धान्य असलेल्या प्रदेशातून ते नसलेल्या प्रदेशात वेळेवर नेण्याचे साधन नव्हते हे सरकारला कळून चुकले. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. धारवाड हे तिचे मुख्य ठिकाण. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा हा तिचा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला आणि लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराशीही सांधा जुळला. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन ‘एम. एस. एम.’ झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे आणि २००३ पासून नैऋत्य रेल्वे, अशी या एकाच रुळांची कुळे बदलत गेली.

हा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता. मुंबईकडून पुण्यापर्यंत आलेला मार्ग ब्रॉडगेजचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. पुढे १९७१ च्या सुमारास पुणे ते मिरज आणि मिरज ते कोल्हापूर हे मार्ग रुंद झाले, तेव्हा ही सीमारेषा मिरजेला सरकली. मिरजेत आधीपासून आणखी एक पाहुणी होतीच. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे येणारी बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये तेथे पोहोचली होती आणि तिचे रूळ अवघे ७६२ मिलिमीटर अंतराचे होते. अशा रीतीने काही दशके मिरजेच्या आवारात तीन रुंदींच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहत. पाहणाऱ्याला ती मौज वाटे. परंतु एका रुंदीची वाघीण दुसऱ्या रुंदीच्या रुळावर चालू शकत नाही, म्हणून प्रत्येक पोते एका डब्यातून हमालाच्या पाठीवर आणि पाठीवरून दुसऱ्या डब्यात जाई. अभियंत्यांनी कागदावर आखलेल्या फरकाची किंमत शेवटी कोणाची तरी पाठ मोजत होती.

आता मालगाडी कशी तयार होई ते पाहू. मिरजेहून लोंढ्याकडे निघणाऱ्या गाडीत कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव, खानापूर अशा निरनिराळ्या स्थानकांच्या वाघिणी असत. उगारची साखर, गोकाकच्या गिरणीचा कापूस, कोठे खत, कोठे गूळ. निपाणीला तर रूळ पोहोचलेच नाहीत. तिच्या तंबाखूला चिकोडी रोड किंवा कोल्हापूर गाठावे लागे. गाडी प्रत्येक स्थानकावर थांबून आपापले डबे सोडत जाणार. कुडचीचा डबा गाडीच्या मधोमध अडकला असेल, तर त्या लहानशा स्थानकावर सगळी गाडी मोडून पुन्हा जुळवावी लागेल आणि तोपर्यंत मुख्य मार्ग अडून राहील. म्हणून आधी सुटावयाचा डबा इंजिनाजवळ आणि नंतरचे त्यामागे, असा क्रम यार्डातच लावून घेणे सोयीचे असे. या एका क्रमासाठी रात्रभर राबणारी माणसे होती.

यार्डमास्तर बेत ठरवी. नंबर टिपणारा कारकून हातात दिवा घेऊन रुळांमधून चालत जाई आणि प्रत्येक वाघिणीचा क्रमांक व तिच्यावरील चिठ्ठीत लिहिलेले ठिकाण वहीत उतरवून घेई. शंटर इंजिन चालवी. शंटिंग जमादार खाली उभा राहून त्याला खुणा करी. आणि सांधेवाला रुळांचा सांधा फिरवून डब्यांना वाट करून देई. ‘पॉइंट्समन’ला ‘सांधेवाला’ म्हणणाऱ्या पूर्वजांचे मला नेहमी कौतुक वाटते. एका काळातून दुसऱ्या काळात जाताना होणाऱ्या ओढाताणीला आपण ‘सांधा बदलताना होणारा खडखडाट’ म्हणतो. मागे पडलेल्या अधिकाऱ्याला ‘सायडिंगला टाकले’ म्हणतो. अडलेले काम सुरू झाले की ‘गाडी रुळावर आली’ म्हणतो. या सर्व वाक्प्रचारांचे माहेर मालधक्क्यावरचे आहे.

इंजिनाच्या भोंग्यात आणि वाफेच्या फुसफुशीत माणसाचा आवाज पोहोचत नसे, म्हणून शंटिंगची भाषा हातांची होती. दिवसा हिरवी झेंडी, रात्री हिरवा दिवा. दिवा सावकाश वर-खाली हलविला, तर इंजिनाने खूण करणाऱ्यापासून दूर जावयाचे. तोच दिवा अंगासमोरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलविला, तर त्याच्याकडे यावयाचे. डोक्यावर धरून मनगटाने फिरविला, तर डबे जोडावयाचे आहेत, अगदी हळू या. लाल दिसले की थांबावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवा दिसेनासा झाला तरी थांबावयाचे. खूण करणारा माणूस ठेचकाळून रुळांत पडलेला असू शकतो, एवढा अनुभव त्या नियमामागे उभा आहे. खूण नसणे हीच थांबण्याची खूण, हे तत्त्व माणसांच्या इतर व्यवहारांतही पाळले गेले असते, तर पुष्कळ अपघात टळले असते.

शंटिंगचा एक प्रकार विशेष सांगण्याजोगा आहे. इंजिनाने डबे ढकलत वेग द्यावयाचा, जोडणी आधीच सोडून ठेवावयाची आणि मग इंजिनाने ब्रेक लावावयाचा. इंजिन थांबे, सुटलेली वाघीण मात्र आपल्याच जोरावर पुढे जाई. सांधेवाल्याने फिरविलेल्या सांध्यावरून ती आपल्या रुळावर शिरे आणि एक माणूस तिच्या बाजूने धावत जाऊन तिच्या कुशीला असलेला ब्रेकचा लांब दांडा अंगाच्या भाराने खाली दाबी. याला लूज शंटिंग म्हणत. त्यामुळे इंजिनाच्या खेपा वाचत आणि काम झपाट्याने होई. मुघलसरायसारख्या प्रचंड यार्डांत तर रुळांची एक टेकडीच बांधलेली असे. तिच्या माथ्यावरून सोडलेले डबे उतारानेच आपापल्या ओळीत जात. आमच्या भागातील लहान यार्डांत मात्र सारी मदार धावणाऱ्या पायांवर होती. आणि हे पाय खडीवरून, स्लीपरांवरून, अंधारात आणि बेळगावच्या पावसात धावत.

वाघिणीचे वजन काही टनांचे, तिचा वेग माणसाच्या चालण्याइतका आणि आवाज जवळजवळ नाही. धोका होता तो याच गोष्टींचा. ब्रॉडगेजच्या डब्यांना दोन्ही कोपऱ्यांवर बफर आणि मध्ये फिरकीची जोडणी असे; ती लावण्यासाठी माणसाला बफरांखालून वाकून दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागे. मीटरगेजच्या डब्याला मधोमध एकच बफर आणि त्यालाच आकडा. तेथेही हात घालावा लागेच. म्हणून नियम कडक होते. आजच्या नियमांनुसारही शंटिंगचा वेग ताशी १५ किलोमीटरांपेक्षा अधिक असता कामा नये, आणि स्फोटके किंवा पेट्रोल असेल तर ८ किलोमीटरांपेक्षा. असे डबे लूज शंटिंगने सोडणे वर्ज्य आहे. उभ्या केलेल्या वाघिणीचा हातब्रेक लावावयाचा, चाकाखाली लाकडी पाचर मारावयाची आणि दोन रूळ जेथे एकमेकांजवळ येतात तेथील पांढऱ्या खुणेच्या आतच ती ठेवावयाची, म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाडीला ती घासणार नाही. यांतील प्रत्येक नियम कोणाच्या तरी बोटाने, पायाने किंवा प्राणाने लिहिला गेला आहे.

ही विद्या हळूहळू निरुपयोगी झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून रेल्वेने एकेका वाघिणीचा माल घेण्यापेक्षा एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी सबंध गाडी भरण्यावर भर दिला. अशा गाडीला वाटेत मोडण्याची आणि जुळविण्याची गरजच उरत नाही. किरकोळ माल मालमोटारींकडे गेला. १९९२ मध्ये देशभर एकच रुंदी करण्याची योजना हाती घेण्यात आली आणि त्या दशकात मिरज-लोंढा मार्गही रुंद झाला. मीटरगेजची ‘वायजी’ इंजिने गेली. त्या नावातील वाय म्हणजे मीटरगेज आणि जी म्हणजे माल, हे सांगणारेही आता थोडे उरले. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. हमालाची पाठ सुटली, डब्यांच्या मध्ये शिरणारे हात वाचले. मात्र एखादे काम सुटणे निराळे आणि ते काम होते याची आठवणही सुटणे निराळे.

ही आठवण जपण्याचा एक मार्ग लघुरेल्वेचा, म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा आहे. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सुटीत पुण्यास जाणाऱ्या कुटुंबांनी ते अवश्य पाहावे. तेथे सिग्नल, बोगदे, पूल आणि निरनिराळ्या काळांतील गाड्या यांचे एक छोटे शहरच चालताना दिसते. हुबळीतही २०२० मध्ये नैऋत्य रेल्वेने संग्रहालय उघडले आहे.

प्रतिकृतींचे जगभर रुळलेले एक प्रमाण ८७ भागांस १ भाग हे आहे. या हिशेबाने सहा मीटर लांबीची वाघीण सुमारे सात सेंटीमीटरांची होते. मिरजेचे तीन मार्ग या मापात आणले, तर त्यांच्या रुंदी अनुक्रमे १९.३, ११.५ आणि ८.८ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे रूळ १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरांचे असतात. म्हणजे मीटरगेज आणि बार्शीची गाडी यांची सोय जवळजवळ बिनचूक होते. अडचण येते ती आपल्या ब्रॉडगेजची, कारण १६.५ मिलिमीटर हे माप युरोपातील १४३५ मिलिमीटरांच्या रुळांसाठी ठरलेले आहे. आपल्याकडील हौशी माणसाला एक तर रूळ स्वतः ठोकावे लागतात किंवा हा लहानसा खोटेपणा चालवून घ्यावा लागतो. बेळगावची जुनी वाघीण करणाऱ्याने तिला मधोमध एकच बफर द्यावा, ही मात्र माझी आग्रहाची विनंती. दोन बफर दिले की ती परगावची झाली.

आता या प्रतिकृतींची मर्यादा पाहा. लांबी ८७ पटींनी कमी झाली की वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे सुमारे ६ लक्ष ५८ हजार पटींनी कमी होते. भरलेल्या वाघिणीचे वजन २० टन धरले, तर तिच्या तंतोतंत प्रतिकृतीचे वजन सुमारे ३० ग्रॅम भरेल. मूठभर शेंगदाण्यांचे वजन याहून जास्त. अशी वाघीण ढकलून सोडली तर ती वीतभर जाऊन थांबते. खरी वाघीण थांबत नाही. तिला थांबवावे लागते. प्रतिकृतीत आकार येतो, रंग येतो, अक्षरे येतात. भार येत नाही. आणि शंटिंगचे सारे धैर्य, सारी शिस्त आणि सारे भय त्या भारापोटीच जन्मलेले होते. काचेमागील गोंडस वाघीण पाहताना एवढे भान ठेवावे.

परंतु शंटिंगचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे क्रमाचा विचार, प्रतिकृतीत पूर्णपणे उतरतो. आणि त्याला विकतच्या गाडीचीही गरज नाही. ब्रिटनमधील ॲलन राइट या हौशी माणसाने रचलेले एक कोडे घरी काड्यापेट्यांवर खेळता येते. जमिनीवर खडूने एक रेघ काढावी आणि तिला तीन फाटे फोडावेत. एका फाट्यावर पाच पेट्या मावाव्यात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. मूळ रेघेवर इंजिन आणि तीन पेट्या, एवढीच जागा ठेवावी. पेट्या आठ घ्याव्यात आणि त्यांवर १ ते ८ आकडे लिहावेत, किंवा कुडची, रायबाग अशी नावे द्यावीत. आरंभी पाच पेट्या लांब फाट्यावर, तीन एका आखूड फाट्यावर. तिसरा फाटा रिकामा. मग चिठ्ठ्या टाकून पाच नावे काढावीत आणि ती ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्या पेट्या लांब फाट्यावर उभ्या कराव्यात. पेटी उचलावयाची नाही. इंजिनाने ढकलावयाची किंवा ओढावयाची. आठांतून पाचांचे असे ६७२० निरनिराळे क्रम निघतात. तेव्हा दिवाळीची सुटी सहज पुरते.

वर्गात हा खेळ मी अनेकदा मुलांना दिला आहे. बहुतेक मुले प्रारंभीच रिकामा फाटा भरून टाकतात आणि मग अडतात. हिशेब साधा आहे: तीन फाट्यांवर अकरा पेट्यांची जागा, पेट्या आठ, म्हणजे मोकळी जागा फक्त तिघींची. ती जागा हेच यार्डाचे भांडवल. ते जपूनच वापरावे लागते. खऱ्या यार्डातही हेच घडे. डब्यांनी गच्च भरलेले यार्ड कामाने भरलेले दिसे, प्रत्यक्षात ते बंद पडलेले असे. दुसरी गोष्ट मुलांच्या ध्यानात उशिरा येते. फाट्याच्या बंद टोकाशी जी पेटी हवी, तिचा विचार सर्वांत आधी करावा लागतो; कारण जी आधी आत जाते ती शेवटी बाहेर पडते. गणितात चाचपडणारा एखादा मुलगा हे कोडे इतरांच्या आधी सोडवितो, तेव्हा शिक्षकालाही आपल्या गुणपत्रिकांकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

आपल्या मासिकाच्या वाचकांना या विषयात एक विशेष हक्क आहे, आणि म्हणून एक कर्तव्यही. हुबळी, गुंतकल, सिकंदराबाद, झाशी, इटारसी अशा ठिकाणी वसलेली कित्येक मराठी घरे मुळात रेल्वेच्या नोकरीमुळेच तेथे गेली. त्या घरांतून कोणी आजोबा सांधेवाले होते, कोणी गार्ड, कोणी नंबर टिपणारे. इंजिनांची छायाचित्रे पुष्कळांनी काढली आहेत, वाघिणींचे नकाशे दप्तरांत आहेत. परंतु डब्याच्या बाजूने धावताना पाय कोठे टाकावा, चाकाच्या आवाजावरून वाघीण भरलेली की रिकामी हे कसे ओळखावे, पावसात दिवा कसा धरावा, याची नोंद कोणत्याही नकाशात सापडावयाची नाही. ती त्या माणसांच्या अंगात आहे आणि त्यांचे वय वाढत चालले आहे.

येत्या सुटीत मुलांनी काड्यापेट्यांचे यार्ड मांडावे आणि घरातील, नाहीतर शेजारच्या कॉलनीतील, एखाद्या निवृत्त रेल्वे कामगाराला शेजारी बसवावे. तो नक्कीच चुका दाखवील. त्या चुका दाखविताना जे बोलेल, ते त्याच्याच शब्दांत, मराठी-कानडी-हिंदी-इंग्रजीच्या त्याच मिसळीसह, एका वहीत उतरवून घ्यावे. तारीख आणि गावाचे नाव घालण्यास विसरू नये.